टपालाच्या १५० पिशव्या वितळल्या आणि त्यातूनच टिकाऊ रबराचा शोध लागला

पावसाळा तोंडावर आला की घरात एक कार्यक्रम ठरलेला असतो. माळ्यावरची जुनी सॅक काढायची, धूळ झटकायची आणि आत हात घालायचा. हात घातल्यावर कळतं की आतलं कोटिंग चिकट झालंय. पांढरट पापुद्रे बोटाला लागतात, कुबट वास येतो. मग कुणी सांगतं मेण घास, कुणी सांगतं बाजारात वॉटरप्रूफ स्प्रे मिळतो तो मार. आपण स्प्रे मारतो. दोन दिवस बॅग झकास दिसते आणि पहिल्या मोठ्या सरीत डब्याशेजारची वही भिजून लगदा होते.

कापडावर पाणी अडवणारा थर चढवायचा आणि तो टिकवायचा, एवढीच भानगड आहे. पण याच भानगडीपायी एका माणसानं आपलं अख्खं आयुष्य घालवलं. कर्ज झालं, तुरुंग झाला, बायकोच्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला, पोरांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकून झाली. त्याचं नाव तुम्ही हजारदा वाचलंय, कारण ते टायरवर लिहिलेलं असतं.

चार्ल्स गुडइयर.

टायरचा आणि त्याचा नक्की संबंध काय, ते शेवटी बघू. आधी पिशव्यांकडे जाऊ.

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा. गाव न्यू हेवन, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं. सहा भावंडांत हा थोरला. वडील अमासा गुडइयर बटणं आणि शेतीची अवजारं बनवायचे. गवत उचलायचे पोलादी काटे ही त्यांची खासियत. पोरगं मोठं झाल्यावर वडिलांनी त्याला फिलाडेल्फियाला हार्डवेअरच्या धंद्यात शिकायला पाठवलं. परत आल्यावर तो वडिलांचा भागीदार झाला. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झालं आणि १८२६ मध्ये नवरा-बायकोनं फिलाडेल्फियात स्वतःचं हार्डवेअरचं दुकान टाकलं.

दुकान सुरुवातीला चाललं. पण उधारी वाढली, येणं अडकलं आणि १८३० च्या सुमारास धंदा बसला. त्या काळी अमेरिकेत कर्ज फेडलं नाही तर सरळ आत टाकायचे. दिवाळखोरी जाहीर करून सुटायचा मार्ग होता, पण गुडइयरनं तो घेतला नाही. सगळ्यांचं देणं देईन म्हणाला. हा बाणा ऐकायला भारी वाटतो, पण त्याची किंमत पुढची तीस वर्षं घरच्यांनी मोजली.

आता रबराकडं वळू, कारण नेमकी त्याच वेळी अमेरिकेला रबराचं वेड लागलं होतं.

दोडामार्ग किंवा गोव्याच्या बाजूला गेला असाल तर रबराच्या बागा बघितल्या असतील. झाडाच्या सालीला तिरपी चीर देतात, खाली वाटी बांधतात, त्यात दुधासारखा चीक जमतो. तो गोठवून वाळवला की झालं कच्चं रबर. गुडइयरच्या काळात हा माल ब्राझीलहून यायचा. पाणी आत जात नाही आणि ताणलं तर तुटत नाही, असा दुसरा पदार्थ तेव्हा माणसाच्या हाताशी नव्हता. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं १८२३ मध्ये डोकं लावलं. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थामध्ये त्यानं रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये लावलं आणि दोन्ही कापडं एकमेकांवर दाबली. रबराचा चिकटपणा कापडांच्या आत दडपला गेला आणि रेनकोट तयार झाला. इंग्लंडमध्ये आजही रेनकोटला मॅकिन्टॉश म्हणतात. अडचण एकच होती. शिंप्यानं सुई घातली की प्रत्येक टाक्याला एक भोक पडायचं आणि पाणी तिथूनच आत यायचं. दोनशे वर्षं झाली, आपल्या बॅगेतही पाणी पहिल्यांदा शिवणीतूनच येतं.

इंग्लंडमधली हवा मवाळ आहे, त्यामुळं मॅकिन्टॉशचं भागून गेलं. अमेरिकेत उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळा दगड करतो. तिथं धडाधड कंपन्या निघाल्या, रबरी बूट, टोप्या, कोट, गाड्यांवर टाकायची आच्छादनं असा माल लोकांनी रांगा लावून घेतला. मग उन्हाळा आला. कोट घामट झाले, चिकटले, कुजक्या वासाचा चिखल होऊन बसले. हिवाळ्यात तेच कोट लाकडासारखे कडक. लोकांनी माल कंपन्यांच्या दारात आणून टाकला.

असं का होतं, हे तेव्हा कुणालाच माहिती नव्हतं. आज आपल्याला ते सोप्या भाषेत सांगता येतं. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. पण गुंतलेल्या असल्या तरी बांधलेल्या नसतात. गरम झालं की साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि सगळा गोळा पातळ, चिकट होतो. थंडी पडली की त्या जागच्या जागी आखडतात. म्हणजे कच्चं रबर वॉटरप्रूफ होतं, पण फक्त हवामान चांगलं असेल तेव्हा.

१८३४ मध्ये गुडइयर न्यूयॉर्कला गेला होता. तिथं रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्यानं हवा भरून पाण्यावर तरंगायचं एक रबरी साधन बघितलं. त्याचा व्हॉल्व्ह याला काही पटला नाही. घरी येऊन त्यानं सुधारलेला व्हॉल्व्ह बनवला आणि विकायला परत त्याच दुकानात गेला. दुकानातल्या माणसानं व्हॉल्व्हचं कौतुक केलं, आणि मग खरं काय ते सांगितलं. व्हॉल्व्ह घेऊन करायचं काय, इथं रबरच टिकत नाहीये. माल परत येतोय, कंपनी बुडायला आलीय. रबर टिकवायची युक्ती आणलीस तर बोल.

गुडइयरला रसायनशास्त्राचा गंधही नव्हता. खिशात पैसे नव्हते, डोक्यावर कर्ज होतं. फिलाडेल्फियाला परतला तो सावकारांनी पुन्हा तुरुंगात टाकला. तिथं त्यानं बायकोकडून कच्च्या रबराचा गोळा आणि तिचं लाटणं मागवून घेतलं. कोठडीत बसून गडी रबर लाटत बसायचा. त्याचा विचार साधा होता. पीठ सैल झालं की आपण वर पीठ भुरभुरवतो, तसंच चिकट रबरात काहीतरी कोरडी पूड मिसळली तर चिकटपणा जाईल.

बाहेर आल्यावर त्यानं मॅग्नेशियाची पूड मिसळून बघितली. रबर पांढरं, कोरडं, चामड्यासारखं झालं. मग काय, घरचं स्वयंपाकघर हाच कारखाना. तो, क्लॅरिसा आणि मुली अशा सगळ्यांनी बसून रबरी बुटांचे शेकडो जोड केले. विकायला काढायच्या आत उन्हाळा आला आणि सगळे जोड लोळागोळा होऊन पडले. रबराच्या वासानं शेजारी आधीच कावले होते. गुडइयरनं बिऱ्हाड हलवलं आणि स्वतः न्यूयॉर्कला जाऊन चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत प्रयोग सुरू केले.

तिथं त्यानं मॅग्नेशियात कळीचा चुना घालून रबर उकळलं. हे जमल्यासारखं वाटलं. प्रदर्शनात पदकसुद्धा मिळालं. मग एक दिवस कळलं की त्या कापडावर सौम्य आम्लाचा एक थेंब पडला तरी चुन्याचा परिणाम संपतो आणि रबर पुन्हा चिकट होतं. फळाचा रस सांडला तरी कोट गेला.

पुढचा टप्पा नायट्रिक ॲसिडचा. गुडइयरला रबरी वस्तू रंगवून, नटवून ठेवायची हौस होती. एका तुकड्यावरचा सोनेरी रंग काढायला त्यानं नायट्रिक ॲसिड लावलं, तर तुकडा काळा पडला. त्यानं तो फेकून दिला. नंतर काहीतरी आठवलं म्हणून कचऱ्यातून शोधून आणला, तर पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरडा होता. आधीच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा सरस. १८३७ मध्ये या पद्धतीचं त्यानं पेटंट घेतलं. एकदा बंद खोलीत त्या ॲसिडच्या वाफा छातीत गेल्या आणि माणूस मरता मरता वाचला. भांडवल घालणारा एक जण मिळाला होता, पण त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली आणि तो धुऊन निघाला. गुडइयरचं कुटुंब स्टेटन आयलंडवरच्या एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहायला गेलं. खाडीतले मासे धरून पोट भरायची वेळ आली.

नंतर तो बॉस्टनजवळ वोबर्नला गेला. तिथं त्याला नॅथॅनियल हेवर्ड भेटला. हेवर्ड रबरात गंधक मिसळायचा आणि कापड उन्हात वाळवायचा. त्यानं वरचा थर छान कोरडा व्हायचा. गुडइयरनं ही युक्ती विकत घेतली. आता त्याच्याकडं ॲसिड होतं, गंधक होतं, आणि दोन्हींनी कापड दिसायला एकदम फर्स्ट क्लास होत होतं.

याच सुमारास सरकारी ऑर्डर आली. टपालखात्याला १५० वॉटरप्रूफ पिशव्या हव्या होत्या.

विचार करा, हा काळ पत्रांचा. घोडागाड्या, होड्या, चिखल, पाऊस. टपालाच्या पिशवीत पाणी गेलं तर शाई फुटणार आणि पत्र संपणार. सरकारनं १५० पिशव्या घेतल्या म्हणजे पुढं हजारो घेणार. सगळं कर्ज फिटायचा रस्ता समोर दिसत होता. गुडइयरनं पिशव्या केल्या, चांगल्या रंगवल्या, लोकांना बोलावून दाखवल्या. मग त्या एका उबदार खोलीत टांगल्या आणि कुटुंबाला घेऊन काही आठवडे गावाला गेला.

परत आला तेव्हा पिशव्या आपल्याच वजनानं ओघळत होत्या आणि त्यांच्या मुठी गळून पडल्या होत्या.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट ही की वरचा पृष्ठभाग अजून बऱ्यापैकी ठीक होता. सडलं होतं ते आतलं. ॲसिडनं आणि उन्हानं फक्त वरची कातडी सुधारली होती. पातळ कापडाला तेवढं पुरायचं. पिशवीला मात्र जाड थर लागतो, आणि त्या जाड थराच्या पोटात जुनंच कच्चं रबर बसलेलं होतं. उष्णता मिळाली आणि ते वितळलं.

इथं आपल्या सॅककडं जरा परत येऊ. आजच्या बहुतेक सॅकना आतून रबर नसतं, पॉलियुरेथेनचं कोटिंग असतं. ते चिकट होतं ते हवेतल्या ओलाव्यामुळं. ओलावा वर्षानुवर्षं त्याचे रेणू तोडत राहतो, म्हणून दमट कोकणात आणि मुंबईत बॅगा लवकर जातात. कारण वेगळं असलं तरी दुरुस्तीत चूक तीच होते जी त्या १५० पिशव्यांत झाली. सडलेल्या थरावर आपण नवा थर देतो. वरून बॅग चकाचक दिसते आणि आतला कुजका थर नव्यालाही घेऊन सुटतो. दुरुस्ती करायचीच असेल तर आधी बॅग उलटी करून सुटलेलं कोटिंग ब्रशनं आणि रबिंग अल्कोहोलनं घासून पूर्ण काढायचं, कापड धुऊन खडखडीत वाळवायचं आणि मग नवं कोटिंग पातळ हातानं द्यायचं. आधी कोपऱ्यात थोडं लावून बघायचं, कारण अल्कोहोलनं काही कापडांचा रंग जातो. शिवणींवर सीलंट वेगळं लावायचं. हे सगळं आज एका रविवारी होतं.

गुडइयरला रविवार पुरला नाही. पिशव्यांचा बभ्रा झाला. जो तो म्हणायला लागला की रबराचा नाद सोड. नातेवाईक, मित्र, सावकार, सगळेच. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

पण १८३९ च्या हिवाळ्यात वोबर्नमध्ये त्यानं एक गोष्ट केली. प्रचलित कथा अशी की दुकानात हातवारे करताना त्याच्या हातातला रबराचा गोळा उडाला आणि तापलेल्या शेगडीवर पडला, आणि चमत्कार झाला. गुडइयरनं नंतर लिहिलेली हकिकत जरा वेगळी आहे आणि मला ती जास्त पटते. टपालाच्या पिशव्या ज्या मिश्रणाच्या सडल्या, तेच गंधक घातलेलं मिश्रण घेऊन उष्णतेनं त्याचं नक्की काय होतं हे तो तपासत होता. त्यात एक तुकडा चुकून तापलेल्या शेगडीला लागला. रबर शेगडीला लागलं की वितळायला हवं. हे वितळलं नाही, चामड्यासारखं करपलं. करपलेल्या भागाच्या कडेला एक बारीक पट्टी होती, ती करपलेलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. म्हणजे शेगडी मध्ये आली हा अपघात, पण तुकडा हातात होता तो पिशव्यांमुळं.

त्यानं तो तुकडा कडाक्याच्या थंडीत दाराबाहेर खिळ्यानं ठोकून ठेवला. सकाळी बघितलं तर तसाच लवचिक. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही एका रात्रीत पास.

झालं असं होतं की गंधकानं त्या मोकळ्या साखळ्यांमध्ये जागोजागी गाठी मारल्या होत्या. आता साखळ्या ताणल्या जायच्या, पण घसरायच्या नाहीत. सोडलं की पुन्हा जागेवर. पण गाठी मारायला गंधकाबरोबर उष्णता लागते, आणि तीही थराच्या आरपार पोचलेली. जी उष्णता पाच वर्षं त्याची वैरी होती, तीच औषध निघाली.

किती गंधक, किती आच, किती वेळ, यातलं काहीच माहिती नव्हतं. घरात शेगडी एक, तीही स्वयंपाकाची. क्लॅरिसाची पाव भाजून झाली की भट्टीत रबर जायचं. किटलीच्या तोंडाशी वाफेवर धरायचं, गरम वाळूत पुरायचं, निखाऱ्यांसमोर शेकायचं. वोबर्नमधल्या कारखान्यांत जाऊन काम संपल्यावर तुमची भट्टी जरा वापरू द्या म्हणून तो विनवण्या करायचा. बहुतेक वेळा करपायचं किंवा फोड यायचे.

त्या हिवाळ्यात घरात सरपण नव्हतं, खायला नव्हतं. विकण्यासारखं सगळं विकून झालं होतं, तेव्हा मुलांची शाळेची पुस्तकं विकली. एकदा बर्फाच्या वादळात आजारी गुडइयर मैलोन्‌मैल चालत एका ओळखीच्या माणसाकडं गेला आणि थोडं कर्ज घेऊन आला, तेव्हा चूल पेटली. एकदा बॉस्टनला उधार मागायला गेला, कुणी दिलं नाही, आणि हॉटेलचं ५ डॉलरचं बिल थकलं म्हणून आत गेला. याच दिवसांत त्याचा लहानगा मुलगा गेला. शवपेटी न्यायला गाडी करायचे पैसे नव्हते.

गुडइयरबद्दल लिहिणारे बरेच लोक इथं जिद्द, चिकाटी, ध्यास असे शब्द वापरून पुढं जातात. मला इथं थांबावंसं वाटतं. ही जिद्द त्याची होती, पण उपास सगळ्यांचे होते. क्लॅरिसाला १२ मुलं झाली, त्यातली कितीतरी लहानपणीच गेली. ती रबर लाटायला बसली, तिनं घरातल्या वस्तू गहाण जाताना बघितल्या, दर थोड्या महिन्यांनी नवं बिऱ्हाड मांडलं. पेटंटवर तिचं नाव नाही. शोध लागला नसता तर याच माणसाला आपण बायकोपोरांना वाऱ्यावर सोडणारा म्हणालो असतो, आणि १८३९ मध्ये शोध लागेल याची कुणालाच खात्री नव्हती.

शेवटी मेव्हणा मदतीला आला. विल्यम डी फॉरेस्टचा लोकरीचा धंदा होता. त्यानं वेळोवेळी मिळून जवळजवळ ५० हजार डॉलर घातले असं सांगतात. त्या पैशावर प्रयोग पुढं गेले आणि गणित बसलं. दाबाखालची वाफ, साधारण १३० अंश सेल्सिअस तापमान आणि चार ते सहा तास. एवढं दिलं की थर आतपर्यंत सारखा पिकतो. १५ जून १८४४ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं.

आता पैसा यायला हवा होता. तो आला, पण इतरांकडं.

पेटंट मिळायच्या आधीच त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडला पोचले होते. तिथं थॉमस हॅनकॉक नावाचा मुरलेला माणूस होता. मॅकिन्टॉशचा भागीदार, वीस वर्षं रबरात घालवलेला. नमुन्याच्या पृष्ठभागावर त्याला गंधकाची पिवळसर पूड दिसली आणि त्याच्या डोक्यात चक्रं सुरू झाली. त्यानं स्वतः प्रयोग केले आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज टाकला. गुडइयर तिथं अर्ज घेऊन गेला तेव्हा काही आठवड्यांनी उशीर झाला होता. हॅनकॉकच्या एका मित्रानं या प्रक्रियेला रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून व्हल्कनायझेशन असं नाव सुचवलं. आपल्याकडं हायवेच्या कडेला पंक्चरवाल्याच्या पाटीवर जो शब्द दिसतो, तो हाच. हॅनकॉकनं चोरी केली की नमुना बघून स्वतः शोधलं, यावर वाद झाले. कोर्टानं इंग्लंडमध्ये हॅनकॉकच्या बाजूनं कौल दिला. तो अस्सल कारागीर होता यात शंका नाही, पण समोर तयार नमुना असणं आणि काहीच नसणं यात फरक असतो.

अमेरिकेतही पेटंट तोडून माल काढणारे कमी नव्हते. होरेस डे नावाच्या कारखानदाराशी १८५२ मध्ये न्यू जर्सीत ट्रेंटन इथं मोठा खटला उभा राहिला. गुडइयरच्या बाजूनं वकील कोण, तर डॅनियल वेबस्टर. तेव्हा तो अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता आणि तरी कोर्टात उभा राहिला. फी १५ हजार डॉलर. वकिलाला तेव्हा एवढी फी म्हणजे कहरच होता. गुडइयर खटला जिंकला. पण पेटंट वापरायचे परवाने त्यानं आधीच इतक्या स्वस्तात वाटले होते की बूट, कापड, नळ्या बनवणारे गब्बर झाले आणि हा नव्या वस्तूंच्या मागं धावत राहिला. त्याला रबराची प्रत्येक गोष्ट बनवायची होती. टोपी, कोट, पाकीट, दागिने, चित्रांच्या चौकटी. रबरावर लिहिलेल्या स्वतःच्या पुस्तकाच्या काही प्रती तर त्यानं रबराच्याच पानांवर छापल्या.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यानं ३० हजार डॉलर खर्चून दालन मांडलं, भिंतींपासून फर्निचरपर्यंत सगळं रबराचं. १८५३ मध्ये इंग्लंडमध्येच क्लॅरिसा वारली. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं. १८५५ मध्ये पॅरिसला आणखी मोठं दालन, आणखी मोठा खर्च. तिकडं फ्रान्समधलं पेटंट रद्द झालं, मिळकत थांबली आणि डिसेंबरमध्ये पॅरिसच्या क्लिशी तुरुंगात त्याची रवानगी झाली. आत असतानाच बातमी आली की सम्राट तिसऱ्या नेपोलियननं त्याला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिलाय. पदक त्याला कोठडीत मिळालं.

शरीर तोवर पार खिळखिळं झालं होतं. कुबड्यांशिवाय चालता येत नव्हतं. ॲसिडच्या वाफा आणि शिशाची संयुगं यांच्यात त्यानं उघड्या हातांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. १८६० च्या उन्हाळ्यात मुलगी मरणपंथाला लागल्याचं कळलं म्हणून तो निघाला. न्यूयॉर्कला पोचला तेव्हा समजलं की ती गेली. तो तिथंच कोसळला आणि १ जुलै १८६० ला फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ५९. मागं जवळपास दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. परवान्यांचे पैसे पुढं येत राहिले आणि घरच्यांना जरा बरे दिवस आले, पण ते त्याच्या माघारी.

आता राहिला टायरचा विषय. गुडइयर टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात, म्हणजे तो जाऊन ३८ वर्षं झाल्यावर. फ्रँक सायबर्लिंग या उद्योजकानं त्याच्या स्मरणार्थ नाव घेतलं. त्याचा किंवा त्याच्या घरातल्या कुणाचाही त्या कंपनीशी संबंध नव्हता. संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत या नावाचा टायर कारखाना आहे, त्याच्यावरची पाटीसुद्धा याच माणसाच्या नावाची.

घरच्यांपैकी नाव काढलं ते मुलानं. चार्ल्स ज्युनिअरनं बुटाचा तळ वरच्या चामड्याला पट्टी लावून शिवायच्या यंत्राचा धंदा उभा केला. भारी चामडी बूट घ्यायला गेलात तर दुकानदार आजही अभिमानानं सांगतो की हा गुडइयर वेल्ट आहे. तो गुडइयर म्हणजे हा मुलगा. त्या बुटाची खुबी म्हणजे तळ झिजला की शिवण उसवून नवा तळ बसवता येतो, आणि शिवण अशा जागी असते की सुईच्या भोकांतून पाणी सहजासहजी पायापर्यंत पोचत नाही.